राजाचं कपाट

शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या टेबलामागे डाव्या हाताला उभं असलेलं ते उंच कपाट आपल्यापैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. वरच्या दोन दारांना काचा, खालची दोन दारं लाकडी, सगळ्याला चॉकलेटी ऑइलपेंट, आणि दार उघडलं की कर्रर्र असा आवाज, जो पार आठवीच्या वर्गापर्यंत ऐकू यायचा. आत गुंडाळलेले नकाशे, पृथ्वीचा गोल, बक्षिसांची पुस्तकं आणि जप्त केलेल्या गोट्या. हे कपाट थिबा राजाच्या राजवाड्यातून आलंय, हे आपल्याला पाचवीतच कळलेलं असायचं. आदल्या वर्षीच्या मुलांनी सांगितलेलं, त्यांना त्यांच्या आदल्या वर्षीच्यांनी.

गेलं वर्षभर हे कपाट पूर्णगडला आमच्या घराच्या पडवीत होतं. शाळेत लोखंडी कपाटं आली, जुनं लाकडी सामान मागच्या व्हरांड्यात गेलं आणि त्याचा भाव सर्पणाच्या हिशेबाने ठरू लागला, तेव्हा मी रीतसर पावती फाडून ते घेतलं. नीट झालं तर शाळेला परत देईन, असं तेव्हाच सांगितलं होतं. ते नीट कसं केलं हे लिहायचा आग्रह संपादक मंडळाने धरला. पण कपाट उघडत गेले तसं लक्षात आलं, की पॉलिशच्या कृतीपेक्षा त्या लाकडाची आणि पॉलिशची हकिगतच जास्त सांगण्यासारखी आहे. आणि ते खरंच राजाचं आहे का, हा आपला जुना प्रश्नही होताच.

आधी राजाची गोष्ट, कारण तिची सुरुवातच लाकडापासून आहे.

थिबा १८७८ साली ब्रह्मदेशच्या गादीवर आला. त्याची राजधानी मंडाले. खालचा ब्रह्मदेश, म्हणजे रंगूनसकट समुद्राकडचा मुलूख, इंग्रजांनी आधीच घेतलेला होता. वरच्या ब्रह्मदेशात सागाची अफाट जंगलं होती आणि ती तोडायचा मक्ता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे होता. ही १८६३ साली स्थापन झालेली मुंबईची कंपनी. तिचा माल तिकडचा असला तरी भांडवल आणि पेढी इकडची. जंगलातून नेलेल्या ओंडक्यांपेक्षा कमी ओंडके हिशेबात दाखवले, म्हणून राजाच्या मंत्रिमंडळाने १८८५ साली कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. कंपनी इंग्रज सरकारकडे धावली. सरकारला दंडापेक्षा फ्रेंचांची धास्ती जास्त होती, कारण थिबा त्यांच्याशी बोलणी करत होता. लाकूड हे निमित्त मिळालं. नोव्हेंबरात जनरल प्रेंडरगास्टची फौज बोटींतून इरावती नदीने वर गेली, पंधरवड्यात युद्ध संपलं आणि १ जानेवारी १८८६ ला वरचा ब्रह्मदेश खालसा झाल्याचं जाहीर झालं. राजाला राणी सुपायालत आणि मुलींसह आधी मद्रासला नेलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं.

रत्नागिरीच का, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि रेल्वे नाही. ती नंतरही शंभर वर्षं आली नाही. राजा तीस वर्षं रत्नागिरीत राहिला. आधी सरकारी बंगल्यांत, आणि १९१० साली राजवाडा बांधून झाल्यावर तिथे. राजवाडा जांभ्या दगडाचा, लाकूडकाम बर्मी सागाचं. म्हणजे ज्या लाकडापायी राज्य गेलं, त्याच लाकडाच्या खिडकीत बसून त्याने भाट्याची खाडी पाहिली. जेमतेम सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला, आणि राणी १९१९ साली रंगूनला परत गेली.

राजाला पैसा पुरत नसे आणि दागिने-रत्नं विकून घर चाले, हेही प्रसिद्ध आहे. त्यामुळे जिल्ह्यात कुठल्याही कोरीव खुर्चीला 'थिबाची' म्हणायची पद्धत पडली. रत्नागिरी-राजापुरात अशा इतक्या खुर्च्या आहेत, की त्या सगळ्या खऱ्या मानल्या तर राजवाड्यात माणसांना उभं राहायला जागा नसणार.

आता सागाबद्दल थोडं. ब्रह्मदेशात सागाचं झाड लगेच पाडत नसत. उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती खोल कडं कापून ते जागीच वाळू देत. त्याला दोन-तीन वर्षं जात, कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि वाळलेला तरंगतो. मग पाडायचा, हत्तींनी ओढ्यापर्यंत ओढायचा, पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की तो नदीला लागायचा, आणि तिथे ओंडक्यांचे तराफे बांधून रंगूनच्या करवत गिरण्यांपर्यंत सोडायचे. रंगूनहून बोटीने मुंबई, मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण. आपली पूर्णगडची मुचकुंदी खाडी हे छोटं बंदर, पण किल्ल्याच्या पायथ्याशी गलबतं आणि मचवे लागत ते उगाच नव्हे. आज गावखडीला जाणाऱ्या पुलावरून गाडी सुसाट जाते, त्यामुळे ही खाडी एकेकाळी रस्ता होती हे चटकन ध्यानात येत नाही. जड सामान बैलगाडीपेक्षा पाण्यावरून येणंच सोपं होतं.

या लाकडाची ताकद पाहायची असेल तर इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जावं लागेल. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती तिथे आजही तरंगते आहे. ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागात तेल असतं, त्यामुळे तिथे खिळाही टिकतो आणि लाकूडही. इंग्रजांना सागाचं वेड लागलं ते दिवाणखान्यांसाठी नव्हे, आरमारासाठी. आपल्या घरांत कपाटं आणि झोपाळे आले ते त्याच्या मागून.

तर कपाट. पावणेसात फूट उंच, साडेतीन फूट रुंद. पडवीत आडवं घालून पहिले आठ दिवस मी त्याला काहीही केलं नाही, नुसतं पाहिलं. आमच्या धंद्यात जुन्या प्रोग्रॅमला हात लावण्याआधी तो कुणी, कशासाठी असा लिहिला हे शोधायची सवय लागते. मूळ लिहिणारा बहुधा निघून गेलेला असतो आणि टीप कुठेच नसते. कपाटाचं तसंच होतं, फरक एवढाच की कपाटाने टिपा ठेवल्या होत्या.

समोरची चौकट आणि दारं साग. उभे खांब वरपासून खालपर्यंत सरळ रेषांचे, पावणेसात फुटांत एक गाठ नाही. आपल्याकडच्या परसातल्या सागाला असं सरळ अंग क्वचित असतं. हा मोठ्या जंगलातल्या, सावलीत सरळसोट वाढलेल्या झाडाचा साग, आणि तो समुद्रावरूनच आला असणार. पण कपाट उलटं केलं आणि मागच्या फळ्या पाहिल्या, त्या फणसाच्या! वरून काळपट तपकिरी, पण एका कोपऱ्यात पटाशीने जरा खरवडलं तर आतून हळदीसारखा पिवळा. फणस ओळखायला याहून वेगळी परीक्षा लागत नाही. आतले खण आंब्याच्या फळ्यांचे आणि त्यांना भुंगा लागलेला. म्हणजे दर्शनी भागाला विकतचं लाकूड, पाठीला परसातलं, आणि जिथे कुणी पाहणार नाही तिथे आंबा. हा हिशेब कुठल्या राजवाड्याचा नाही. हा आपल्या खाडीकाठच्या सुताराचा आणि पैसे मोजून देणाऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब आहे.

(फणसाला उगाच हलकं समजू नये. तंजावरची वीणा फणसाची असते. आणि गंमत म्हणजे ब्रह्मदेशातल्या भिक्खूंची चीवरं रंगवायला फणसाच्या गाभ्याचा पिवळा रंग वापरत. राजाचा धागा शोधायचाच म्हटला तर तो आपल्या कपाटाच्या पाठीत सापडतो.)

दुसरी टीप सांध्यांत होती. कुसू आणि खाच बसवून आरपार बांबूच्या खुंट्या मारलेल्या. डिंक म्हणून वापरलेला सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा. गरम पाण्याचं फडकं सांध्यावर धरलं की तो मऊ होतो, वास येतो आणि सांधा इजा न होता सुटतो. फेविकॉल १९५९ साली बाजारात आलं आणि हळूहळू सुतारांच्या हातून सरसाचं भांडं गेलं. फेविकॉलचा सांधा असा सुटत नाही, लाकूड घेऊन तुटतो. त्यामुळे सरस दिसला की दुरुस्तीवाल्याला बरं वाटतं.

तिसरी टीप रंगाखाली होती, पण तिथपर्यंत पोचायला महिना लागला.

चॉकलेटी रंग काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. शिवाय जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत नव्वद भागांच्या आत ठेवायचा नियम आपल्या देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आपला चॉकलेटी त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून कोरडं घासायचं नाही, मशिनही लावायचं नाही. रंग फुगवणारं रसायन लावून ओला असतानाच पत्र्याने ओढायचा, मास्क लावायचा, खरवड कागदात गोळा करायची आणि पोरांना पडवीत फिरकू द्यायचं नाही. कोपऱ्यांसाठी मी जुन्या सुतारांची युक्ती वापरली, फुटक्या काचेचा तुकडा. त्याच्या धारेने निघणारा पापुद्रा पॉलिश पेपरपेक्षा स्वच्छ निघतो आणि लाकडाची रेष घासली जात नाही. हातमोजे मात्र जाड हवेत.

रंग गेला आणि खाली तांबूस, काही ठिकाणी काळवंडलेला थर दिसला. तो कशाचा हे ओळखायची पद्धत सोपी आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आडोशाच्या जागी ठेवायचा. थर चिकट होऊन बोळ्याला लागला तर ते लाखेचं पॉलिश. न विरघळला तर तेलाचा व्हार्निश किंवा नंतरचं काहीतरी रासायनिक. आपला थर अर्ध्या मिनिटात विरघळला. त्याच्या खाली, खालच्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, काळ्या रंगात स्टेन्सिलने मारलेली अक्षरं निघाली: 'जि. लो. बो.' आणि पुढे एक आकडा, १७.

जिल्हा लोकल बोर्ड! आपल्या वयाच्या लोकांना हे नाव आजोबांच्या तोंडूनच ठाऊक. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि लोकल बोर्डं संपली. म्हणजे कपाट त्याआधीचं. बोर्डाच्या सामानाच्या यादीतलं सतरा नंबरचं. आधी बोर्डाच्या कुठल्यातरी शाळेत किंवा दवाखान्यात असणार आणि तिथून आपल्याकडे आलं. खणांची उंची मी मोजली, मोठी हजेरीबुकं उभी बरोबर बसतात. राजाला हजेरीबुकांचं कपाट कशाला लागेल?

एवढं झाल्यावर मी आपल्या इतिहासाच्या सरांना फोन केला. सर आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, पण प्रश्न पहिल्या झटक्यात ओळखला.

"काय गो, मग काय निघालं? राजाचं की नाही?"

खरं सांगते, त्या क्षणी 'नाही' म्हणणं जिवावर आलं. वर्गात थिबा शिकवताना सर आपल्याला कार्यालयाच्या दाराशी रांगेत उभं करून ते कपाट दाखवायचे. माझ्यासारखीला इतिहास हा पुस्तकाबाहेरही असतो हे तिथे पहिल्यांदा कळलं. मी फणसाची पाठ सांगितली, सरस सांगितला, लोकल बोर्डाची अक्षरं सांगितली. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "अगो, मला ठाऊक होतं. मी आलो तेव्हा त्या कपाटाच्या काचा पोरं वर्षाला दोनदा फोडायची. राजाचं आहे म्हटल्यापासून एक फुटली नाही."

म्हणजे आदल्या वर्षीच्या मुलांना त्यांच्या आदल्या वर्षीच्यांनी, असं मागे मागे जात गेलं तर शेवटी तिथे सर उभे होते. वर मलाच म्हणाले, "पण तू पुरावा काढलास ते बरं केलंस. स्मरणिकेत लिही. माझं नाव नको."

पॉलिशचा विषय निघाला तो असा. आमच्याकडे पिढीजात पॉलिशचं काम करणारे एक काका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी कपाटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाय, मेलामाईन मारूया. आरशासारखं दिसेल, दहा वर्षं बघायला नको." त्यांचं चूक नव्हतं. मेलामाईन किंवा पीयू हे टणक, पाण्याला न बधणारे थर असतात, आणि आपल्या हवेत ते सोयीचे. पण हे कपाट लाखेच्या पॉलिशचं होतं, आणि लाखेचा एक गुण दुसऱ्या कशात नाही. पन्नास वर्षांनी कुणाला ते दुरुस्त करायचं झालं तर स्पिरिटचा बोळा पुरतो. नवा थर जुन्या थरात विरघळून एक होतो. मेलामाईन मात्र खरवडूनच काढावं लागतं. काका थोडे कुरकुरले, मग त्यांनाच हुरूप आला. लाखेचं काम आता कुणी सांगत नाही, म्हणाले, हात विसरायला नको.

लाख म्हणजे किड्याचं घर. पळस, बोर, कुसुंब यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस पितात आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतात. फांद्या तोडून ती लाख खरवडायची, धुवायची, कांडायची. मग लांबच लांब कापडी पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर धरायची आणि पिशवी पिळत जायची. वितळलेली लाख कापडातून पाझरते. ती गरम असतानाच कारागीर हातांनी, पायांनी आणि दातांनी ओढून तिची चादरीएवढी पातळ पापडी करत. ती फोडली की चपडा. छोटा नागपूर, बंगाल, मध्य प्रांत हा त्याचा मुलूख. महाभारतातलं लाक्षागृह आठवत असेलच. लाख किती झटकन पेटते हे आपल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक होतं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चोळत चोळत चकाकी आणायची पद्धत मात्र युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाली आणि फ्रेंच पॉलिश या नावाने साहेबाबरोबर इकडे आली. माल आपला, नाव फ्रेंचांचं. थिबाला फ्रेंच भोवले, आपल्या सुतारांना मात्र त्यांनी रोजगार दिला.

पुढे या लाखेला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, ग्रामोफोन. प्लास्टिकच्या रेकॉर्ड येईपर्यंत मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या काळ्या तबकड्या लाख आणि दगडाच्या पुडीच्या असत. कलकत्त्यात सियालदहला १९०८ साली तबकड्यांचा कारखाना निघाला. बालगंधर्व घराघरांत पोचले ते या किड्याच्या पाठीवर बसून. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनाची संस्था उभी राहिली, इतका तो धंदा मोठा होता. आज लाख आपण जास्त करून खातो. सफरचंदावरची चकाकी आणि औषधाच्या गोळीवरचं आवरण, यांत तीच असते.

स्पिरिट मिळवायला जरा धडपड झाली. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि स्पिरिटवर परवान्याचे नियम आहेत. त्यात मुद्दाम विषारी द्रव्य मिसळतात, कारण ते न मिसळलं तर पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट टेबलापर्यंत पोचेल याची खात्री सरकारला नाही. काकांकडे याचे पुष्कळ किस्से होते. ते स्मरणिकेत छापण्यासारखे नाहीत.

मिश्रणाचं प्रमाण लिहून ठेवते, कुणाला करायचं असेल तर: एक लिटर स्पिरिटला दोनशे ग्रॅम चपडा. काचेच्या बरणीत एक रात्र ठेवायचा, अधूनमधून हलवायचा, सकाळी मलमलीतून गाळायचा. लागेल तेवढाच करावा, कारण काही महिने पडून राहिलेलं मिश्रण मग नीट वाळत नाही, चिकटच राहतं. विडी, उदबत्ती, चूल यांच्यापासून लांब.

काम सुरू केलं मार्गशीर्षात. हे महत्त्वाचं आहे. हवेत दमटपणा असेल तर स्पिरिट उडताना थर थंड होतो, हवेतलं पाणी त्याच्यात अडकतं आणि पॉलिशवर पांढरट ढग येतो. कोकणात जून ते ऑक्टोबर या कामाचं नावच काढू नये. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तर थंडीतही सकाळी दहाच्या आत बोळा उचलायचा नाही, दव उतरू द्यायचं. जुने पॉलिशवाले गणपती झाल्यावरची कामं दिवाळीनंतरवर का ढकलतात, ते मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. तोवर त्यांना आळशी समजत होतो सगळे.

आधी रेषा भरल्या. खडूच्या पुडीत थोडा गेरू, चिमूटभर पिवडी, पाणी आणि किंचित सरस, हे फडक्याने रेषेला आडवं चोळलं. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर. मग बोळा: कापूस मलमलीत गुंडाळलेला, लिंबाएवढा, तळाला एकही सुरकुती नको. हात फिरवताना मध्येच थांबायचं नाही. थांबला तर बोळा चिकटतो आणि खालचा थर ओढतो. विमान उतरतं आणि न थांबता पुन्हा उडतं, तसा बोळा लाकडाला लावायचा आणि उचलायचा. आधी लांब हात, मग गोल, मग आठच्या आकड्यासारखे. दिवसाला दोनच हात, तिसरा लोभाचा. काकांनी एक दार केलं, बाकीचं मी त्यांच्या देखरेखीखाली. बारा हात झाले. दहाव्या हाताला साग आतून उजळायला लागला, म्हणजे वर चकाकी नाही तर खोलवर मध धरल्यासारखं. मेलामाईनला हे जमत नाही, असं माझं मत झालंय. काकांचं मत अजून फिफ्टी-फिफ्टी आहे.

पाठीच्या फणसाच्या फळ्यांना पॉलिश केलंच नाही. त्यांना काकांच्या सांगण्यावरून डिंबेल लावलं. काजूच्या टरफलांचं हे काळं, जहाल तेल आपल्याकडे होड्यांना लावतात, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. हाताला लागलं तर बिब्ब्यासारखं उततं, म्हणून ते काम त्यांनीच केलं. आंब्याचे खण वाचण्यासारखे नव्हते. ते बदलून फणसाचे घातले.

एका गोष्टीवरून मात्र आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. कपाटाची उजवी बाजू, जी भिंतीकडे असायची, तिथे कर्कटकाने कोरलेली अक्षरं आहेत. पंचवीस-तीस तरी. ऑइलपेंटने ती बुजली होती, रंग निघाल्यावर वर आली. काकांना ती पुट्टीने भरायची होती. त्यांच्या लेखी ते लाकडाचं खरचटणं, आणि खरचटलेलं भरायचं हा त्यांचा धंदा. मी ती अक्षरं वाचली होती. त्यांत आपल्या वर्गातली तीन नावं आहेत. त्यांतला एकजण बाकावर माझ्या मागे बसायचा, कोविडच्या पहिल्या वर्षी गेला. सरांच्या राजाला न घाबरलेला तो एकटाच असावा. भिंत आणि कपाट यांच्यामधल्या वीतभर फटीत हात घालून त्याने ते कसं कोरलं असेल, हे मी अजून समजू शकलेले नाही. ती बाजू न भरता, न घासता तशीच ठेवली आणि तिच्यावर नुसते दोन पातळ हात दिले. काका शेवटी म्हणाले, "तुझं कपाट, तू जाण." पण दुसरा हात त्यांनीच दिला, आणि अक्षरांच्या खाचांत लाख साचू नये म्हणून काडीने प्रत्येक खाच पुसून काढली.

'जि. लो. बो. १७' सुद्धा तसंच आहे. खालचं डावं दार उघडलं की दिसतं.

काचा चारपैकी तीन जुन्या आहेत, पाहताना किंचित लाटा दिसतात त्या. चौथी नवी. बिजागऱ्या मूळच्या पितळी, चिंचेने घासून तेल दिलंय. आवाज बराच कमी झालाय, पूर्ण गेला नाही, मुद्दाम घालवलाही नाही.

स्नेहमेळाव्याच्या आदल्या दिवशी कपाट टेंपोने शाळेत पोचेल. कार्यालयात आता जागा नाही, म्हणून ग्रंथालयाच्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवायचं ठरलंय. भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे उजवी बाजू सगळ्यांना पाहता येईल. सरांना घेऊन यायची जबाबदारी मी घेतली आहे.

शाळेच्या शिपाईमामांसाठी आणि पुढे ज्यांच्याकडे किल्ली जाईल त्यांच्यासाठी थोडं: कोरड्या सुती फडक्यानेच पुसा. वर चहाचा गरम पेला ठेवू नका, पांढरं कडं उमटेल. ओली छत्री टेकवू नका. आणि सॅनिटायझर किंवा स्पिरिट असलेलं काहीही फवारू नका, बारा हात एका फवाऱ्यात विरघळतील. ढग आलाच तर थंडी पडेपर्यंत थांबा आणि काकांना कळवा. त्यांचा नंबर खालच्या डाव्या दाराच्या आत, सतराच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवलाय.